घराजवळची माती घेऊ नका

माझ्या बायकोने आयुष्यभर माझ्या खिशांतून माती झटकली. स्थळ सांगून आलं तेव्हा मुलगा प्रयोगशाळेत असतो एवढंच तिच्या कानावर आलं होतं आणि तिच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट उभा राहिला होता. कोट मिळाला मला, पण दुसऱ्याच महिन्यात त्याचा रंग आमच्या रानाचा झाला. जालन्यातल्या एका माती तपासणीच्या प्रयोगशाळेत मी लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. किती शेतांची माती हाताखालून गेली ते आठवत नाही, पण ती घेऊन येणारी काही माणसं लख्ख आठवतात.

काम तसं साधं. शेतकरी पिशवीत अर्धा किलो माती आणतो. आम्ही ती सावलीत वाळवायची, लाकडी मोगरीने फोडायची, चाळायची, तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश किती, खार किती, हे काढायचं आणि कागद हातात द्यायचा. मोगरी लाकडाचीच लागते. लोखंडी खलबत्त्यात माती कुटली तर खलबत्त्याचं लोखंडही तिच्यासोबत तपासलं जातं. मोगरी आमच्या शेखभाईंच्या हातात असे. हुद्द्याने ते परिचर होते, वयाने माझ्याहून थोडे मोठे आणि मातीच्या बाबतीत माझे उस्ताद. चिमटीत माती चोळून ते म्हणायचे, "साब, ये भोकरदन साइड की है." मी पिशवीतली चिठ्ठी काढून बघायचो, तर तिच्यावर भोकरदनच लिहिलेलं असायचं.

शेतकऱ्यांना नमुना कसा घ्यायचा हे सांगणं माझ्याकडे होतं. शेतात नागमोडी चाला, आठ-दहा ठिकाणी वीतभर खड्डा करा, सगळी माती एकत्र मिसळा, त्यातली अर्धा किलो आणा. बांधाजवळची माती घेऊ नका, झाडाखालची घेऊ नका, विहिरीजवळची, उकिरड्याजवळची, घराजवळची घेऊ नका. ही शेवटची ओळ मी गावोगावच्या मेळाव्यांत इतक्या वेळा म्हटली, की बायको सांगते, झोपेतसुद्धा म्हणायचो. त्यात चूक काही नव्हती. पिकाला खत किती द्यायचं हे ठरवायचं तर मधल्या रानाची माती हवी, कडेकोपऱ्याची नको. पण त्या ओळीने मला एक वाईट सवय लावली आणि ती मला फार उशिरा कळली.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका गृहस्थांच्या मातीत जस्त इतकं निघालं की मी तीनदा तपासलं. त्यांना आनंद झाला, म्हणाले, "मंग जस्ताचं खत बंद करून टाकतो, तेवढाच खर्चा वाचला." शेखभाईंनी शांतपणे विचारलं, "माती कहाँ सुखाई चाचा?" तर यांनी ती घरावरच्या नव्या कोऱ्या पत्र्यावर वाळवून, खरवडून, पिशवीत भरून आणली होती. पत्र्याचं जस्त आम्ही त्यांच्या रानाच्या नावावर चढवलं होतं. दुसरे एक आजोबा दरवर्षी शेजाऱ्याच्या शेतातली माती आपली म्हणून आणायचे, कारण शेजाऱ्याचं सोयाबीन जास्त उतरायचं आणि त्याचं कारण त्यांना हवं होतं.

माझी नोकरी संपायला वर्षभर उरलं असताना एका प्रकल्पातून आमच्याकडे लेसरचं मशीन आलं. दिसायला रस्त्याच्या कामावर असतं त्या ड्रिलसारखं, पण हातात धरण्याजोगं. पेटीत गादी, गादीत मशीन, सोबत लाल काचांचा चष्मा. ते मातीतले धातू ओळखतं असं सांगितलं गेलं. कसं, ते सोपं करून सांगतो. या दिवाळीत तुम्ही फटाक्यांतलं झाड लावाल तेव्हा त्यातून हिरवा, लाल रंग उडेल. तो रंग दारूत मिसळलेल्या धातूंच्या क्षारांचा असतो. प्रत्येक धातू जळताना आपला ठरलेला रंग दाखवतो आणि दुसऱ्याचा कधी दाखवत नाही. हे मशीन मातीच्या दाबून केलेल्या वडीवर क्षणभर लेसरचा झोत सोडतं. चट्ट असा आवाज होतो, मोहरीएवढ्या जागेतली माती पेटून झगमगते आणि त्या झगमगाटातले रंग मशीन वेगळे करून पडद्यावर उभ्या रेघा काढतं. शिशाची एक ठरलेली जागा, तांब्याची दुसरी, क्रोमियमची तिसरी. आमच्या काळ्या मातीत लोखंडाच्या रेघा इतक्या दाटीवाटीने येतात की त्यांच्यात दुसरा धातू शोधायला डोळा तयार व्हावा लागतो. शिवाय मशीन सांगतं ती पहिली खबर, पक्कं करायला तीच माती ॲसिडमध्ये विरघळवून पुन्हा तपासावी लागते.

धातू ओळखणारं मशीन आलं ही बातमी जिल्ह्यात कशी पोचली देव जाणे, पण पोचेपर्यंत तिचं सोनं झालं. दुसऱ्या आठवड्यात दारात रांग. कुणाच्या आजोबांनी हंडा पुरला होता, कुणाच्या रानात विशिष्ट जागी पाऊस पडला तरी गवत उगवत नव्हतं. एक जण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, निघालं तर आपलं अर्धं अर्धं. बिलकुल कोणाला सांगत न्हाई." मी त्या आठवड्यात फार वैतागलेलो होतो. मशीन अजून मला नीट चालवताही येत नव्हतं.

त्याच रांगेत ती उभी होती. विशी-बाविशीची, अंगाने किडकिडीत, चेहरा फिकट. तिची पाळी आली तेव्हा तिने रुमालाची गाठ टेबलावर ठेवली.

"साहेब, एवढी माती बघता का?"

"गट नंबर?"

"गट न्हाई साहेब. भितीची हाये. सैपाकघरातल्या."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मी म्हणालो, "भिंतीत काय पेरणार आहात? आम्ही शेताची माती तपासतो. घराजवळची नाही घेत."

ती हलली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "खाल्ली तर चालंल का, तेवढं सांगा."

मी हसलो. खोटं कशाला बोलू, मोठ्याने हसलो आणि रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो, "माती पेरायची असते बाई, खायची नसते." रांग खिदळली. तिने पदर सारखा केला आणि निघून गेली. रुमाल तिथेच राहिला. मी तो कचऱ्याच्या टोपलीकडे सरकवला, तर शेखभाईंनी मधेच उचलला.

"साब, लाई हुई मिट्टी फेकते नई," ते म्हणाले आणि तिच्या मागे दारापर्यंत गेले. गाव विचारून आले, माती सावलीत ट्रेमध्ये पसरली आणि चिठ्ठी लावली. हसनाबाद, बाई, भिंत. एवढंच.

तो ट्रे दीडेक महिना फळीवर पडून होता. रांग ओसरली, मग मी मशीनवर हात बसवायला घेतला. सरावासाठी बिननंबरी माती हवी होती. शेखभाईंनी तीच पुढे केली. मी वडी दाबली, चष्मा चढवला, चट्ट. पडद्यावर शिशाच्या जागी रेघ उभी राहिली. मला वाटलं, मशीन चुकलं. वडी फिरवून पुन्हा मारलं. नवीन वडी केली. आमच्या रोजच्या मातीची वडी शेजारी ठेवून मारली, तिच्यात त्या जागी काहीच नव्हतं. भिंतीच्या मातीत मात्र लोखंडाच्या गर्दीतूनही ती रेघ डोकं वर काढून उभी होती. उरलेली माती ॲसिडमध्ये विरघळवून दुसऱ्या पद्धतीने बघितली. शिसंच होतं आणि भरपूर होतं.

त्या संध्याकाळी जेवताना मी बायकोला म्हणालो, "एक बाई भिंतीची माती घेऊन आली होती, खाल्ली तर चालेल का विचारत होती." बायकोचा घास हातातच राहिला.

"म्हणजे दिवस गेलेत तिला," ती म्हणाली. "तुम्ही काय सांगितलं?"

मी काय सांगितलं ते सांगितलं. तिने घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "थोरलीच्या वेळी मीपण खायचे. तुमच्याच खिशातली. तुम्ही कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही." मातीत नोकरी करणाऱ्या माणसाला हे इतक्या वर्षांनी कळलं. मला तिच्याकडे बघवेना.

शिसं पोटात गेलं की ते आईच्या रक्तातून बाळाकडे जातं. हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि दीड महिना मी तो ट्रे फळीवर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि शेखभाई मशीनची पेटी मांडीवर घेऊन भोकरदनच्या गाडीत बसलो, तिथून हसनाबाद. गाव मोठं, नाव माहीत नाही, घर माहीत नाही. आरोग्य उपकेंद्रातल्या आशाताईंना गाठलं आणि म्हणालो, "माती खाणारी गरोदर बाई हवी आहे."

आशाताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "माती कोण खात न्हाई साहेब? सांगत न्हाई कोणी, एवढंच." पण रुमालाचा रंग, फिकट चेहरा, जालन्याला जाऊन आलेली, असं जुळवत त्यांनी आम्हाला एका दारात नेऊन उभं केलं.

दार उघडलं तिनेच. तिचं नाव सुनंदा. मला ओळखलं आणि पहिल्यांदा तिचा हात पोटाकडे गेला.

घर पुढून स्लॅबचं, मागचं स्वयंपाकघर जुनं, मातीचं. अंगणात लिंबाचं झाड, त्याखाली बाजेवर सासरे बसलेले. त्यांना सगळे नाना म्हणत. पूर्वी ते याच लिंबाखाली ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचे. दृष्टी अधू झाली तेव्हा धंदा बंद केला. सासूबाई कौसाबाई चुलीपुढून उठून आल्या. मी मशीनबद्दल दोन शब्द सांगितले आणि भिंतीच्या मातीची वडी केली. चट्ट. चुलीची माती घेतली, चट्ट. तुळशीतली घेतली, ती बरी होती. मग लिंबाखालची घेतली आणि पडद्याकडे बघून शेखभाई हळूच "या अल्लाह" म्हणाले.

जुन्या बॅटरीच्या प्लेटा झटकल्या की पांढुरका भुगा पडतो. प्लेटा वितळवून शिसं काढायचं, त्याची टर्मिनलं ओतायची, हे सगळं नानांनी तिथेच केलेलं. तो भुगा वर्षानुवर्षं त्या मातीत मुरला होता. पण तो लिंबाखालून भिंतीवर कसा गेला, ते कौसाबाईंनी सांगितलं. दसऱ्याच्या आधी स्वयंपाकघराला पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायची त्यांची रीत. ही पांढरी पूर्वी गावातल्या जुन्या गढीवरून आणायची. गढीची माती काढायला बंदी झाली, तेव्हा त्यांना लिंबाखालची माती दिसली. मऊ, पांढुरकी, चाळायचीही गरज नाही. त्यांनी तिचा पोतारा दिला, दरवर्षी देत राहिल्या.

"आन् सुनंदाला मीच दिली," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सरळ होता, त्यांना अजून पुढचं लक्षात आलं नव्हतं. "माझ्या सासूनं मला दिल्ती. भितीवर पाणी शिपडायचं, खपली काढायची, तव्यावर भाजायची. पोरीला अन्न ग्वाड लागत नव्हतं साहेब. म्हणलं, हे तरी ग्वाड लागू दे. मागच्या बारीलाबी मीच..."

आणि तिथे त्या थांबल्या.

मागच्या बारीला सुनंदाचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. ते याच मातीमुळे गेलं असं कुणी डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही, मीही सांगत नाही. पण कौसाबाईंनी ते स्वतःलाच सांगून टाकलं होतं. त्या भिंतीला हात लावायला गेल्या आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. मग जमिनीवर बसल्या. नाना बाजेवरून म्हणाले, "ॲसिडपासून समद्या लेकरांना लांब ठेवलं म्या. ॲसिडच तेवढं वाईट, असं वाटायचं मला." त्यांच्या अधू डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसत नव्हते.

सुनंदा सासूशेजारी बसली. तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतला. "आत्याबाई, तुम्ही मायेनं दिल्ती. मला मागच्या बारीपसूनच शंका येऊन राह्यली होती. म्हणून तर साहेबाकडं गेल्ते."

कुणी काही न शिकवता त्या पोरीने बरोबर नमुना घेतला होता, बरोबर जागेचा, आणि बरोबर प्रश्न विचारला होता. आणि तिला मी काय उत्तर दिलं होतं! मी तिथेच सगळ्यांसमोर हात जोडले आणि माझं चुकलं म्हणालो. ती लाजली. "ऱ्हाऊ द्या साहेब. त्या दिवशीपसून खाल्ली न्हाई. तुम्ही हसलात ना, लाज वाटली." ऐकून मला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचीच शरम वाटली.

पुढचं भराभर झालं. आशाताईंनी तिला संभाजीनगरच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तात शिसं निघालं, पण डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, दर महिन्याला तपासणी, आणि बाळंतपणापर्यंत त्या घरात राहायचं नाही. तिचं माहेर अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत. जाण्याआधी तिने निरोप धाडला, साहेब, तिकडची भितबी बघून द्या. मी बघून दिली. सिमेंटची होती, रंगवलेली, तरी बघून दिली.

इकडे स्वयंपाकघराच्या भिंतींचा पोपडा ओला करून, धूळ उडू न देता उतरवला. लिंबाखालची माती हातभर खोल काढून पोत्यांत भरली. ती न्यायला गाडी यावी म्हणून मी ज्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, त्या गोष्टी लिहायच्या तर अंक पुरायचा नाही. शेवटी गाडी आली. नानांनी आपल्याच मधल्या रानातली माती आणून अंगण भरलं. मी ती रानातच तपासली, मग अंगणात पुन्हा तपासली. सुनंदाला मुलगा झाला, वजनाने जरा कमी, पण धडधाकट. त्याच्या रक्ताच्या तपासण्या होत राहिल्या आणि आकडे उतरत गेले.

मधल्या काळात मी निवृत्त झालो. जायच्या आधी प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या सूचनाफलकावर, ‘घराजवळची माती घेऊ नका’च्या खाली, हाताने एक ओळ वाढवली. ‘घेतली असेल तर वेगळ्या पिशवीत आणा आणि का आणली ते सांगा.’ अक्षर माझं वाईटच, पण नव्या मॅडमनी ते तसंच ठेवलंय. खंत एवढीच की ही ओळ लिहायला सगळी नोकरी गेली. त्याआधी किती जणींनी रुमालाची गाठ तशीच परत नेली असेल, कोण जाणे.

यंदा पावसाळा संपताना हसनाबादहून फोन आला. सुनंदा म्हणाली, "साहेब, पोरगं रांगून राह्यलंय. अंगणात सोडायचं म्हणलं तर आत्याबाई सोडू देत न्हाईत. कडेवरून खाली ठेवीत न्हाईत त्याला. तुम्ही एकदा येऊन बघून जा." मी मॅडमकडे मशीन मागितलं, शेखभाईंना घरून उचललं. तेही निवृत्त झालेले, गुडघे दुखतात, पण पेटी मला धरू देईनात.

अंगणात मी मुद्दाम सगळ्या नको त्या जागा घेतल्या. लिंबाच्या बुंध्याशी, उंबऱ्यालगत, मोरीच्या कडेला, उकिरड्याजवळ, भिंतीच्या पायाशी. प्रत्येक ठिकाणी कौसाबाई नातवाला छातीशी धरून माझ्या मागे मागे. प्रत्येक चट्टला त्या दचकत. पडद्यावर शिशाच्या जागी कुठेच काही दिसलं नाही. तरी मी उगाच घाई केली नाही. शेखभाईंनी मातीच्या पुड्या बांधून नेल्या, ॲसिडची तपासणी झाली आणि पुढच्या आठवड्यात कागद घेऊन आम्ही दोघं परत गेलो.

कागद नानांना वाचून दाखवला. कौसाबाईंना पटत नव्हतं. सुनंदाने त्यांच्या कडेवरून पोराला अलगद काढून घेतलं आणि लिंबाखाली ठेवलं. तो क्षणभर आजूबाजूला बघत राहिला. मग पुढे झुकला आणि दोन्ही मुठींत माती भरून घेतली. एक मूठ तोंडाकडे निघाली.

कौसाबाई धावल्या आणि मधेच थबकल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. सुनंदाने तोच प्रश्न विचारला, तितक्याच खालच्या आवाजात.

"साहेब, चालंल का?"

"चालेल," मी म्हणालो. "खाऊ दे. जंताचं औषध आशाताई देतील."

पोराने मूठ तोंडात घातली. चव घेतली, तोंड वाकडं केलं. मी जवळ वाकून बघायला गेलो तर त्याने सगळी माती माझ्या धुतलेल्या सदऱ्यावर थुंकली.

"लो साब," शेखभाई म्हणाले, "नमुना आया."

त्या घरात इतक्या दिवसांनी हसू फुटलं. कौसाबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या, नाना बाजेवर हलत होते. पण या वेळी सगळ्यांच्या आधी सुनंदा हसली.